नादारीची ऐपत

(स्मृतिव्याख्यानमाला, प्रताप नगर, नागपूर : व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयाची मांडणी

कर्ज फेडता न येणे ही आर्थिक अवस्था आहे आणि नादारी ही कायदेशीर अवस्था आहे. पहिलीतून दुसरीत जाण्यासाठी अर्ज, शपथपत्र, वकीलपत्र, प्रत्येक धनकोला नोटीस आणि न्यायालयाच्या तारखा एवढे सगळे लागते, आणि यातील प्रत्येक टप्प्याला पैसे पडतात. त्यामुळे ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही, त्याला ‘माझ्याजवळ काही उरलेले नाही’ हे कायद्याकडून मान्य करून घेणेच परवडत नाही, असा पेच निर्माण होतो. हा पेच सर्वच गरिबांच्या वाट्याला येत असला, तरी दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत तो अधिक टोकदार असतो, कारण तिचे उत्पन्न तुटपुंजे असतेच, शिवाय ते वाढण्याची शक्यताही बहुधा नसते, आणि शासनाने ठरवून दिलेला अनुदानाचा आकडा हीच तिच्या मिळकतीची कमाल मर्यादा होऊन बसते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या पेचापुरता मर्यादित आहे. दिव्यांग अनुदानावर जगणाऱ्या, नागपूरसारख्या शहरात राहणाऱ्या व्यक्तीला भारतीय कायद्यात ऋणमुक्तीचा कोणता मार्ग उपलब्ध आहे, त्या मार्गाने जाण्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि तो मार्ग व्यवहारात का वापरला जात नाही, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे. नादारी आणि दिवाळखोरी हे दोन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी २०१६च्या संहितेत त्यांच्यात भेद केलेला आहे : देणी देण्याची असमर्थता म्हणजे नादारी, आणि त्या असमर्थतेवर न्यायाधिकरणाने शिक्कामोर्तब करून मालमत्ता ताब्यात घेण्याची प्रक्रिया म्हणजे दिवाळखोरी. १९२०च्या जुन्या अधिनियमात हा भेद नाही, आणि नागपूरच्या सामान्य ऋणकोला आजही तोच जुना अधिनियम लागू असल्याने येथे प्रामुख्याने ‘नादारी’ हाच शब्द योजला आहे.

उत्पन्नाची बाजू

महाराष्ट्रात १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ही दिव्यांग व्यक्तीच्या नियमित उत्पन्नाचा मुख्य आधार आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा घेऊन अर्जदार तहसील कार्यालयात जातो, तेथे अर्जाची छाननी होते, आणि समितीने मंजुरी दिल्यावर अनुदान बँक खात्यात जमा होऊ लागते. सर्वसाधारण लाभार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी या योजनेची जुनी अट आहे. अनुदानाची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली आणि सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी १,००० रुपयांची वाढ मंजूर केल्यावर त्यांच्यापुरती ती २,५०० रुपयांवर गेली. याच संदर्भात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २४ लक्षात घ्यावे लागते, कारण दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठी असलेल्या तत्सम योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक असावे, असे ते कलम सांगते. तरीही २०२३च्या वाढीत निराधार आणि दिव्यांग या दोघांच्याही वाट्याला १,५०० हाच आकडा आला होता.

दरमहा २,५०० म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये आणि वर्षाला ३०,००० रुपये. या रकमेत कर्ज का होते, हे समजण्यासाठी दिव्यांगत्वाचा स्वतःचा खर्च विचारात घ्यावा लागतो. २०१६च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले, त्यांत थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांच्याबरोबर सिकलसेल या रक्तविकाराचाही समावेश झाला, आणि ही तरतूद विदर्भाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण सिकलसेलचे रुग्ण पूर्व विदर्भात मोठ्या संख्येने आढळतात. वेदनेचा झटका आलेल्या रुग्णाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत भरती केले, तर उपचाराचा भार शासकीय रुग्णालय आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना यांच्यावर पडतो. मात्र सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, रात्रीचा ऑटो, बाहेरून आणायला सांगितलेले औषध आणि भरती नसताना चालू राहणारी तपासणी हे सगळे कुटुंबाच्या खिशातून जाते. अस्थिव्यंग असलेल्याच्या बाबतीत हाच खर्च तीनचाकीच्या बॅटरीचा, कृत्रिम पायाच्या दुरुस्तीचा, किंवा पायऱ्या नसलेल्या तळमजल्यावरील खोलीसाठी द्याव्या लागणाऱ्या जास्तीच्या भाड्याचा असतो. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला हा भाग नोकरदारांचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याच भागातील घरकाम, रखवालदारी आणि छोट्या टपऱ्या यांवर जगणारी कुटुंबे येथेच आणि जयताळ्याकडील वस्त्यांमध्ये राहतात, आणि भाड्याचा दर मात्र नोकरदारांच्या ऐपतीने ठरतो.

अशा कुटुंबाचे कर्ज एका ठिकाणचे नसते. किराणा दुकानातली उधारी, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने, बचत गटातील अंतर्गत कर्ज, मायक्रोफायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता, मोबाइलवरच्या ॲपने पाच मिनिटांत दिलेले कर्ज आणि क्वचित सावकार अशा अनेक ठिकाणी ते विखुरलेले असते. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले तारणविरहित कर्ज म्हणजे सूक्ष्म वित्त कर्ज होय, आणि अशा कुटुंबावरील सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. याचा अर्थ असा की, ज्या घरात दिव्यांग अनुदानाखेरीज दुसरे उत्पन्न नाही, तेथे महिन्याचे सगळे हप्ते मिळून १,२५० रुपयांपुढे जातील असे कर्ज देणे हाच मुळात धनकोकडून झालेला नियमभंग ठरतो. ऋणकोने ऐपतीबाहेर कर्ज काढले, असा ठपका ठेवण्यापूर्वी ऐपत तपासण्याचे काम नियमाने कोणावर सोपवले आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

धनकोच्या हाती काय लागते

नादारीचा विचार करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : अनुदानावर जगणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या मार्गाने वसूल तरी काय करता येते? १८७१चा पेन्शन अधिनियम या बाबतीत फारसा चर्चिला जात नाही, पण त्याचे कलम ११ मोलाचे आहे. शासनाने पूर्वीच्या सेवेबद्दल, विद्यमान शारीरिक दुर्बलतेमुळे किंवा अनुकंपा भत्ता म्हणून दिलेले पेन्शन कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने जप्त करता येणार नाही, असे ते कलम सांगते. आणि कलम १२ त्याच्याही पुढे जाऊन, अद्याप देय न झालेल्या अशा पेन्शनवर ऋणकोने आगाऊ लिहून दिलेले गहाण, करार किंवा हस्तांतर रद्दबातल ठरवते. दिव्यांगत्वासाठी मिळणारे अनुदान ‘विद्यमान दुर्बलते’च्या या शब्दरचनेत बसते, असे मानण्यास सबळ आधार आहे. मग कर्जाच्या बदल्यात लाभार्थ्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड ठेवून घेण्याचा आणि दर महिन्याला परस्पर पैसे काढून घेण्याचा जो प्रकार चालतो, त्याला कायद्याचा कोणताच आधार उरत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ६० हे जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी देते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून न उतरवायचे दागिने, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी आणि शासकीय निवृत्तिवेतन यांना त्यात संरक्षण आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम बँकेत ठेवल्यावरही तिचे संरक्षित स्वरूप नाहीसे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात स्पष्ट केले आहे. उरतो तो दिवाणी कैदेचा प्रश्न. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि पुरुषाच्या बाबतीतही केवळ पैसे नाहीत म्हणून त्याला तुरुंगात टाकता येत नाही, तर ऐपत असूनही त्याने बदनियतीने देणे टाळलेले असले पाहिजे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८०च्या निकालात संविधानाच्या अनुच्छेद २१च्या आधारे ठरवले.

या तरतुदी एकत्र वाचल्या, तर असे दिसते की अनुदान, भांडी आणि अंथरूण एवढीच संपत्ती असलेल्या माणसाविरुद्ध धनकोने हुकूमनामा मिळवला, तरी त्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, रिकामीच परत येणार. यावरून अशा माणसाला नादारीची गरजच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो वरकरणी पटण्याजोगा असला, तरी अपुरा आहे. वसुलीचा खरा दबाव न्यायालयाच्या बाहेर असतो. सूक्ष्म वित्ताच्या बाबतीत सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी सहानंतर ऋणकोला फोन करू नये, घरच्यांना व शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, पण त्या वेळेच्या आत दारात बसून राहणाऱ्या वसुली प्रतिनिधीला ते अडवत नाहीत. आणि ॲपवरून कर्ज देणारे अनेकजण तर कोणत्याही निर्देशांच्या कक्षेतच नाहीत. शिवाय ज्या बँकेत अनुदान जमा होते तिचेच कर्ज थकले असेल, तर न्यायालयाची पायरीही न चढता खात्यातून रक्कम वळती केली जाण्याचा धोका असतो. जप्तीपासून मिळणारे संरक्षण मालमत्तेचे रक्षण करते, परंतु कर्ज संपवत नाही. थकबाकीवर व्याज चढतच राहते, आणि तेवीस वर्षांच्या तरुण दिव्यांग व्यक्तीला ते ओझे चाळीस वर्षे वाहावे लागू शकते. कर्जाचा शेवट करण्याची ताकद फक्त नादारीच्या कायद्यात आहे.

१९२०चा अधिनियम आणि त्याचा खर्च

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९चा स्वतंत्र नादारी अधिनियम आहे. नागपूरला प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागू होतो. या अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाला अधिकार असून, देणी ५०० रुपयांहून कमी नसतील, किंवा हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोला अटक झाली असेल, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश असेल, तर ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. न्यायालयाने नादार ठरवल्यावर त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, परंतु दिवाणी संहितेने जप्तीतून वगळलेली मालमत्ता त्यातून वगळलेलीच राहते. धनकोंना परवानगीशिवाय दावे लावता येत नाहीत. आणि शेवटी न्यायालयाने मुक्ततेचा आदेश दिला, म्हणजे शासनाचे येणे, लबाडीने केलेले कर्ज, पोटगी असे काही अपवाद सोडता बाकीची कर्जे कायद्याने संपतात.

मुक्तता देताना न्यायालय ऋणकोचे वर्तन तपासते. त्याची मालमत्ता त्याच्या तारणविरहित देण्यांच्या निम्म्या मूल्याची, म्हणजे अधिनियमाच्या जुन्या भाषेत रुपयाला आठ आण्यांची नसेल, तर बिनशर्त मुक्तता नाकारावी असे कलम ४२ सांगते. पण ज्या परिस्थितीमुळे असे झाले तिच्यासाठी ऋणकोला न्यायाने जबाबदार धरता येत नसेल, तर हा नियम लागू होत नाही. आजारपण आणि अपंगत्व यांहून या अपवादात अधिक चपखल बसणारी दुसरी परिस्थिती सुचणे कठीण आहे. म्हणजे कायद्याचा गाभा दिव्यांग ऋणकोच्या विरोधात नाही. अडचण त्याच्या उंबरठ्यावर आहे.

अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम द्यावी लागते, आणि ज्याचे कर्ज सहा ठिकाणी विखुरलेले आहे व त्यांतले दोन धनको फक्त मोबाइलच्या पडद्यावरच दिसतात, त्याच्यासाठी ही यादी करणे हेच पहिले मोठे काम ठरते. त्यानंतर न्यायालय शुल्क, शपथपत्रे, नोटिसांचा व प्रसिद्धीचा खर्च, वकिलाची फी आणि सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात प्रत्येक तारखेला जाण्यासाठी व्हीलचेअर चढू शकेल अशा वाहनाचे भाडे. दिवाणी संहितेतील आदेश ३३मध्ये निर्धन व्यक्तीला शुल्काविना दावा दाखल करण्याची सोय आहे, पण तिची रचना वादीने लावलेल्या दाव्यासाठी केलेली आहे.

कायदा करणाऱ्यांना या खर्चाची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ७४मध्ये संक्षिप्त प्रशासन नावाची सुटसुटीत पद्धत दिलेली आहे : ऋणकोची मालमत्ता ५०० रुपयांहून अधिक असण्याचा संभव नसेल, तर राजपत्रातील प्रसिद्धी वगळावी, देण्यांची औपचारिक अनुसूची करत बसू नये, जे काही हाती येईल ते एकाच हप्त्यात वाटून टाकावे, आणि ऋणकोने सहा महिन्यांच्या आत मुक्ततेसाठी अर्ज करावा. खर्च वाचवणे आणि प्रक्रिया सोपी करणे हा आपला हेतू असल्याचे हे कलम स्वतःच नोंदवते. शंभर वर्षांपूर्वी ५०० रुपये ही मोठी रक्कम होती; मूळ अधिनियमातील तो आकडा आज एका साध्या मोबाइलच्या किमतीलाही पुरत नाही, त्यामुळे गरिबासाठी मुद्दाम ठेवलेला हा दरवाजा पैशाच्या अवमूल्यनानेच बंद केला आहे.

२०१६ची संहिता : लिहिलेली, पण न लागलेली

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ची पायाभरणी टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०१५मध्ये दिलेल्या अहवालाने झाली, आणि मे २०१६मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कंपन्यांच्या बाबतीत ती लगेच लागू झाली व गाजलीही. तिचा तिसरा भाग मात्र व्यक्तींसाठी आहे, आणि त्यात ‘नवी सुरुवात’ नावाची एक प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, एकूण मालमत्ता २०,००० रुपयांच्या आत आणि पात्र कर्जे ३५,००० रुपयांच्या आत असलेल्या ऋणकोने कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा, अर्ज स्वीकारल्यापासून १८० दिवस वसुली थांबावी, आणि त्या मुदतीअखेर पात्र कर्जे माफ व्हावीत, अशी तिची साधारण रूपरेषा आहे. वर्षाला ३०,००० रुपये अनुदान घेणारा दिव्यांग या उत्पन्नमर्यादेत सहज बसतो; किंबहुना कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर अशीच माणसे होती, असे म्हणता येईल.

परंतु हा भाग सामान्य व्यक्तींसाठी आजवर अमलात आणलेला नाही. १ डिसेंबर २०१९पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला, म्हणजे ज्या भागात सर्वांत गरीब ऋणकोची तरतूद होती, त्याचा उपयोग प्रथम प्रवर्तक आणि उद्योगपती यांच्या हमीपत्रांसाठी झाला. १९२०चा अधिनियम रद्द करणारे कलम २४३ही त्यामुळे सुप्तच राहिले, आणि नागपूरचा ऋणको जुन्या व नव्या कायद्यांच्या मध्ये अडकला. उद्या हा भाग लागू झाला, तरी त्यातील अटी दहा वर्षांपूर्वीच्या किमतींवर बेतलेल्या आहेत, आणि सूक्ष्म वित्ताचे एकच कर्ज ३५,००० रुपयांची मर्यादा ओलांडू शकते. ज्याच्या मालकीचे राहते घर आहे, मग ते गहाण असो वा नसो, त्याला या प्रक्रियेत प्रवेशच नाही. नागपूरमध्ये झोपडपट्टीधारकांना मालकीपट्टे देण्याचे धोरण राबवले गेले आहे. अशा पट्ट्याची छोटी खोली नावावर असलेली दिव्यांग व्यक्ती ‘नव्या सुरुवाती’ला अपात्र ठरेल, म्हणजे शासनाच्या एका धोरणाने दिलेला लाभ दुसऱ्या धोरणाचा अडसर होईल.

पन्नास डॉलरचा खटला

दारिद्र्य सिद्ध करण्याची किंमत गरिबाकडून घ्यावी का, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रास या खटल्यात निकाल दिला. रॉबर्ट क्रास हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पत्नी, मुले आणि आई यांच्यासह अडीच खोल्यांत राहणारे बेरोजगार गृहस्थ होते, त्यांच्या एका मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा गंभीर आजार होता, आणि कुटुंब शासकीय मदतीवर जगत होते. दिवाळखोरीच्या अर्जाचे ५० डॉलर शुल्क आपण भरू शकत नाही, म्हणून ते माफ करावे, ही त्यांची मागणी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालात, शुल्क हप्त्यांनी भरले तर आठवड्याला पडणारी रक्कम सिनेमाच्या तिकिटाहूनही कमी आहे, असा युक्तिवाद आला. त्यावर न्यायमूर्ती मार्शल यांनी आपल्या भिन्नमतात गरीब माणसे प्रत्यक्षात कशी जगतात याची बहुमताला कल्पना नाही, असा कठोर आक्षेप नोंदवला. २००५ साली तेथील संसदेने दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत उत्पन्न असलेल्यांना शुल्कमाफीची तरतूद केली. इंग्लंडमध्ये २००९पासून अल्प मालमत्ता असलेल्यांसाठी कर्जमुक्ती आदेशाची वेगळी पद्धत आहे, तिच्यासाठी लागणारे ९० पौंड शुल्क एप्रिल २०२४मध्ये रद्द झाले, आणि हा अर्ज न्यायालयात न जाता मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत होतो. शुल्क हीच पात्रतेची चाळणी ठरू नये, हे या दोन्ही देशांना अनुभवाने मान्य करावे लागले.

ऋणमुक्तीची येथील परंपरा

कर्जाला कायद्याने शेवट असावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी उठावानंतर १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, त्यात शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करण्यास मनाई झाली, आणि पन्नास रुपयांपासूनच्या देण्यांसाठी नादारीचा अर्ज करण्याची सोय झाली. नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांताने १९३३ साली कर्ज समेट कायदा केला, ऋणको आणि धनको यांना एका मंडळासमोर बसवून तडजोड घडवण्याचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयोग होता, आणि पुढे पंजाब व बंगालने तोच मार्ग धरला. १९७५च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि ठरावीक उत्पन्नाखालील कामगार यांची सावकारी देणी संपवली, व तो कायदा फतेहचंद हिंमतलाल प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९च्या कर्जमाफ्या शेतकऱ्यांसाठी आल्या.

या परंपरेचे दोन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. एक म्हणजे, बहुतेक वेळा पुढाकार शासनाने घेतला, ऋणकोला आपली नादारी स्वतःच्या पैशाने सिद्ध करावी लागली नाही. दुसरे म्हणजे, या सगळ्या कायद्यांत लाभार्थी हा शेती किंवा श्रम यांनी ओळखला जाणारा वर्ग होता. ज्याला शेत नाही आणि शरीराच्या मर्यादेमुळे श्रमही नाही, असा शहरातला दिव्यांग ऋणको या वर्गीकरणात कोठेच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १३ने त्याला इतरांच्या बरोबरीने बँक कर्ज मिळण्याचा हक्क दिला, दिव्यांग वित्त व विकास महामंडळाने त्याच्या पुनर्वसनासाठी कर्जाच्या योजना आखल्या. कर्जात शिरण्याचा रस्ता अशा रीतीने रुंद झाला, बाहेर पडण्याचा मात्र पूर्वीइतकाच अरुंद राहिला.

आक्षेप आणि जामीनदार

नादारी स्वस्त केली तर लोक मुद्दाम कर्ज बुडवतील आणि धनको दिव्यांगांना कर्जच देणार नाहीत, हा यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर १९२०च्या अधिनियमातच आहे, कारण मालमत्ता लपवणे आणि लबाडी यांची तपासणी मुक्ततेपूर्वी न्यायालय करतेच, आणि अनुदानधारकाजवळ लपवण्यासारखे फारसे काही नसते. दुसरा भाग गंभीर आहे, पण वर उल्लेखिलेली ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या धनकोला भिण्याचे कारण उरत नाही. ज्या कर्जांची मुक्तता मागितली जाईल, त्यांतील बरीचशी ही मर्यादा ओलांडून दिलेलीच असणार.

अधिक अवघड प्रश्न जामीनदाराचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४४नुसार नादाराची मुक्तता झाली, तरी त्याच्याबरोबर बांधलेला सहऋणको आणि जामीनदार मुक्त होत नाही. सूक्ष्म वित्तात पाच-दहा स्त्रिया एकमेकींच्या हप्त्याची जबाबदारी घेतात, त्यामुळे एकीने नादारीचा अर्ज केला की तिचा बोजा उरलेल्या जणींवर पडतो. दिव्यांग स्त्री न्यायालयापेक्षा मोहल्ल्यातल्या या बायकांच्या नजरेला अधिक घाबरते, आणि त्या भीतीला कायद्यात आज तरी उत्तर नाही. लोकअदालतीत होणारी तडजोड हा अनेकदा सुचवला जाणारा पर्याय आहे, परंतु लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, म्हणून २,५०० रुपयांच्या उत्पन्नात न बसणारा हप्ता कबूल करून तेथे सही करणे म्हणजे संदिग्ध थकबाकीचे पक्क्या हुकूमनाम्यात रूपांतर करून घेणे होय.

काय करता येईल

दिवाळखोरी व नादारी हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत नवव्या क्रमांकाच्या नोंदीत आहे, म्हणून केंद्राच्या अधिसूचनेची वाट पाहत बसण्याचे बंधन महाराष्ट्रावर नाही. १९२०च्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करून, राष्ट्रपतींच्या संमतीने, कलम ७४मधील ५०० रुपयांची मर्यादा आजच्या किमतींशी जुळणारी करता येईल, आणि संजय गांधी योजनेतील दिव्यांग लाभार्थ्याला न्यायालय शुल्क व प्रसिद्धीचा खर्च यांतून पूर्ण सूट देता येईल. राहत्या छोट्या घराची मालकी ही अपात्रता ठरणार नाही, हेही त्याच दुरुस्तीत नमूद व्हायला हवे. दुरुस्ती होईपर्यंतही एक मार्ग खुला आहे : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७चे कलम १२ दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क देते, आणि त्यासाठी तिचे उत्पन्न विचारले जात नाही. नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी या हक्काखाली नादारीचे अर्ज चालवायला घेतले, धनकोंची यादी करण्यापासून ऋणकोला साहाय्य केले, आणि तडजोडीच्या आधी मुक्ततेचा विचार करण्याची सवय लावली, तर हा कागदावरचा अधिनियम व्यवहारात उतरू शकेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधे तर्कशास्त्र आहे. संजय गांधी योजनेचा लाभार्थी तहसील कार्यालयात दिव्यांगत्व, उत्पन्न आणि वास्तव्य या तिन्ही गोष्टी शासकीय दाखल्यांनी सिद्ध करतो, शासन त्या तपासते, मान्य करते, आणि दर महिन्याला खात्यात पैसे टाकून ती मान्यता पुन्हा पुन्हा देते. ज्या दारिद्र्याची एकदा राज्यानेच लेखी नोंद घेतलेली आहे, ते त्याच राज्याच्या न्यायालयात त्या माणसाने स्वतःच्या खर्चाने दुसऱ्यांदा सिद्ध करावे, या अपेक्षेला न्यायाचे किंवा व्यवहाराचे समर्थन देता येत नाही. तहसीलदाराचा मंजुरी आदेश हाच नादारीचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा आणि तो खोटा आहे असे म्हणणाऱ्या धनकोने ते सिद्ध करावे, एवढा एक बदल केला, तर पुराव्याचे ओझे ऐपत असलेल्या पक्षाकडे जाईल. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा नागपुरातच भरते. त्या काळात निघणाऱ्या मोर्चांच्या निवेदनांमध्ये अनुदानवाढीच्या मागणीशेजारी ही मागणीही लिहिली जायला हवी, कारण वाढलेले अनुदान जुन्या हप्त्यांमध्येच जिरणार असेल, तर त्या वाढीचा लाभार्थी दिव्यांग नसून त्याचा धनको ठरेल.